हमरापूरची मूर्तिकला आणि संशोधनाची उपलब्धता

पेण तालुक्यातील हमरापूर हे गणेशमूर्तींच्या कारखान्यांचे गाव होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले होऊ लागले. परंतु मूर्तिकलेविषयीच्या कृतिनिष्ठ संशोधनाचे फलित केवळ शब्दांत मावत नाही. शाडूच्या मातीचा ओलावा, साच्याची जोडणी, डोळ्यांची आखणी यांचे ज्ञान कारागिराच्या हातात असते. प्रबंधातील छायाचित्र मूर्ती दाखवते, घडण नव्हे. म्हणून मराठी निवेदनासह चित्रफीत आणि कारागिराचे श्रेय प्रबंधासोबतच जतन व्हावे. मात्र साचा ही त्याची उपजीविका असल्याने काय खुले करावे, हे त्यानेच ठरवावे. ज्याच्या कारखान्यात संशोधन घडले, त्यालाच ते समजत नसेल, तर त्यास उपलब्ध म्हणता येणार नाही.