पट, तंतू आणि चार मिलिसेकंद
(जालना एमआयडीसीत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय ठरला तेव्हा आयोजकांपैकी एकानं मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं डेटा सेंटरमध्ये काय काम?" प्रश्न रास्त आहे. मी यंत्र जोडू शकत नाही. पण दोन वस्तू जोडल्या जातात म्हणजे नेमकं काय होतं, या एका प्रश्नावर आपल्याकडे नैयायिकांनी आणि वैशेषिकांनी शतकानुशतकं वाद घातला, आणि तो वाद शिकवण्यात माझी नोकरी गेली. आजच्या डेटा सेंटरचा अर्धा धंदा जोडण्याचाच आहे. तेव्हा मी आज एका साहित्यप्रकाराची समीक्षा करणार आहे. हो, साहित्यप्रकारच! साठवणुकीचं जाळं विकणाऱ्यांच्या माहितीपुस्तिका आणि त्याच जाळ्याची तांत्रिक मानकं, हे दोन्ही मी गेले काही महिने शेजारी शेजारी ठेवून वाचतो आहे.

आधी वस्तू काय आहे ते थोडक्यात सांगतो. पूर्वी डिस्क यंत्राच्या पोटातच असायची, किंवा शेजारी. समांतर स्कझी केबलची मजल फार तर २५ मीटर. १९९०च्या दशकात फायबर चॅनेल आलं, डिस्का वेगळ्या कपाटात गेल्या आणि एकाच कपाटावर अनेक सर्व्हर काम करू लागले. या जाळ्याला सॅन म्हणतात. २००४ मध्ये आयस्कझीचं मानक आलं आणि तेच काम साध्या इथरनेटवरून करता येऊ लागलं. फिरत्या तबकड्या जाऊन फ्लॅश आली, तिची भाषा एनव्हीएमई, आणि २०१६ मध्ये ती भाषा जाळ्यावरून बोलण्याचं मानक आलं. त्याचं नाव 'एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स'. इतिहास इथेच सोडतो, कारण मला त्या शेवटच्या शब्दात रस आहे.

फॅब्रिक! म्हणजे कापड. संस्कृतात पट. आता योगायोग बघा. अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि पूर्ण वस्तू, यांचा संबंध समजावताना आपल्या नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण कोणतं? तंतू आणि पट. धागे आणि कापड. ते म्हणतात, कापड ही धाग्यांहून वेगळी, नवीन वस्तू आहे, पण ती धाग्यांमध्ये 'समवाय' संबंधानं राहते. समवाय म्हणजे असा संबंध की दोन्ही शाबूत ठेवून त्यांना वेगळं करता येत नाही. आणि धाग्याला धागा लागतो तो निव्वळ 'संयोग'. संयोग होतो आणि तुटतो. संयोग तुटला की कापड नाही. बौद्ध समोर उभे राहून विचारतात, कसलं कापड? मला तर धागेच दिसतात.

माहितीपुस्तिका वाचताना लक्षात येतं की विकणारा पक्का नैयायिक आहे. त्याच्या लेखी फॅब्रिक ही एक अखंड वस्तू आहे, तिला शिवण नाही, ती आपोआप सावरते. रात्री दोन वाजता बिघाड शोधणारा अभियंता मात्र बौद्ध असतो. त्याला फक्त केबली, पोर्ट आणि स्विच दिसतात. (हशा) हा नुसता विनोद नाही. फायबर चॅनेलचं मानक या वादात मोठ्या समंजसपणे मधली जागा घेतं. दोन स्विच जोडले की त्यांचं एक फॅब्रिक होतं, त्यातला एक मुख्य म्हणून निवडला जातो. म्हणजे पूर्णाला स्वतःचे गुण आहेत हे मान्य. पण दोघांच्या विभागणीचे नियम जुळले नाहीत, तर ते एक व्हायला नकार देतात. आणि जबाबदार ठिकाणी नेहमी दोन फॅब्रिक बांधतात, ए आणि बी, एकमेकांना मुद्दाम न जोडलेली. का? एकातली चूक दुसऱ्यात पसरू नये म्हणून. ज्यांनी ही विद्या घडवली, त्यांचा अखंड कापडावर विश्वास नाही. तो फक्त पुस्तिकेत आहे. माझा मूळ आक्षेप हाच: संयोग विकला जातो आणि पावतीवर समवाय लिहिला जातो.

दुसरा शब्द 'लॉसलेस'. काहीही न गमावणारं जाळं. जालन्याच्या व्यापाऱ्याला हे लगेच कळेल, कारण ही सगळी पतीची गोष्ट आहे. फायबर चॅनेलमध्ये पाठवणाऱ्याला माल मनाला येईल तेव्हा पाठवता येत नाही. घेणारा आधी सांगतो, माझ्याकडे इतकी जागा आहे, तेवढी तुझी पत. त्याला क्रेडिट असंच म्हणतात. एक चौकट गेली की एक क्रेडिट कमी. पलीकडून 'जागा झाली' असा निरोप आला की एक परत. त्यामुळे जागा नाही म्हणून माल फेकून द्यायची वेळ येत नाही. व्यवस्था सुंदर आहे, यात वाद नाही. साधं इथरनेट याच्या उलट: गर्दी झाली की टाकून द्यायचं आणि वरच्या टीसीपीनं पुन्हा मागवायचं.

पण पेठेत एकानं पैसे अडकवले की काय होतं? ज्याचा त्याच्याशी व्यवहारच नाही, त्याचेही अडकतात. क्रेडिटच्या जाळ्यात एखादं कपाट किंवा सर्व्हर संथ झाला, क्रेडिट परत करीना, की मागचे स्विच भरत जातात आणि निरपराध वाहतूक थांबते. काहीही गमावलं नाही, हे खरं. नुकसान फक्त वेळेच्या खात्यात टाकलं. इथरनेटलाही असं 'लॉसलेस' करतात, 'थांब' असा निरोप पाठवून. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये एका निबंधात स्वतःच्याच डेटा सेंटरमधला अनुभव मांडला, की एक बिघडलेलं नेटवर्क कार्ड सतत 'थांब, थांब' म्हणत राहिलं तर जाळ्याचा मोठा भाग कसा गोठतो. असं लेखन मला आवडतं. मानकांचंही तसंच असतं. तिथे 'केलंच पाहिजे', 'करावं' आणि 'केलं तरी चालेल' या तीन क्रियापदांची ताकद आधी ठरवून दिलेली असते; मीमांसक खूश होतील. पुस्तिकेत क्रियापदं कमी आणि विशेषणं फार.

आता तिसरा शब्द, आणि इथे जालन्याचा थेट संबंध येतो. ढग. क्लाउड. आपली माहिती 'ढगात' आहे, म्हणजे कुठेच नाही आणि सगळीकडे आहे, अशी समजूत. प्रत्यक्षात महाराष्ट्रातला हा ढग मुख्यतः मुंबई, नवी मुंबई आणि पुणे इथे जमिनीवर उभा आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, म्हणजे गंमत अशी की तीही एमआयडीसीचीच जमीन. मुंबईत का? कारण समुद्राखालच्या केबली तिथे किनाऱ्याला लागतात. आपण तिथून रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूत प्रकाशाला एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. सरळ चारशे किलोमीटरची तार धरली तरी जायला २ मिलिसेकंद, यायला २. एकूण चार. वाटेतल्या स्विचांचा वेळ वेगळा, आणि तार काही सरळ जात नाही. साध्या काचेच्या तारेत हे चार मिलिसेकंद कोणतीही कंपनी, कितीही पैसे घेऊन, कमी करू शकत नाही.

चार मिलिसेकंद म्हणजे किती? आपल्या भाषेत बोलू. रोलिंग मिलमधून सळई सेकंदाला दहा मीटर वेगानं धावते आहे असं धरा. चार मिलिसेकंदात ती चार सेंटिमीटर पुढे गेली. वाटेत जरा गर्दी झाली, पन्नास मिलिसेकंद लागले, तर अर्धा मीटर. म्हणून सळई कापायचा हुकूम ढगातून येत नाही, शेजारच्या पीएलसीतून येतो. हे तुमच्या मिलमधल्या फोरमनला कुणी शिकवावं लागत नाही. मग तोच मालक हिशेबाच्या माहितीबद्दल 'अंतर आता उरलं नाही' हे वाक्य कसं ऐकून घेतो?

कारण साठवणुकीतही चार मिलिसेकंद फार असतात. जवळच्या फ्लॅशमधून एक नोंद वाचायला शंभर मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. चार मिलिसेकंद म्हणजे त्याच्या चाळीसपट. आणि लिहायचं असेल तर जुन्या स्कझी पद्धतीत दोन हेलपाटे: 'लिहू का?', 'लिही', मग माल, मग पोच. म्हणजे आठ. शिवाय लांबच्या तारेत माल सतत वाहता ठेवायचा तर पतही तेवढी लागते: ८ गिगाबिटच्या जोडणीला, पूर्ण आकाराच्या चौकटींसाठी, किलोमीटरमागे साधारण चार क्रेडिट. चारशे किलोमीटरला सोळाशे.

म्हणून दोन ठिकाणी एकदम लिहिण्याची पद्धत, म्हणजे पलीकडून पोच आल्याशिवाय 'लिहिलं' म्हणायचं नाही ही पद्धत, सहसा शंभरेक किलोमीटरच्या आत वापरतात. त्यापलीकडे आधी इथे लिहायचं, पोच देऊन टाकायची आणि तिकडे मागाहून पाठवायचं. मधल्या वेळात इथली यंत्रं जळाली तर तेवढ्या नोंदी गेल्या. यात फसवणूक नाही, भौतिकशास्त्र आहे. फसवणूक सुरू होते ती पुस्तिकेत एकाच पानावर 'कितीही अंतर' आणि 'शून्य हानी' ही दोन वचनं शेजारी बसतात तेव्हा. दोन्हींपैकी एक खरं असू शकतं.

आणि ती पोच तरी काय असते? तत्त्वज्ञानात तिला शब्दप्रमाण म्हणतील. यंत्र सांगतं 'लिहिलं', आपण विश्वास ठेवतो. पण अनेकदा ते फक्त बॅटरीच्या आधारावर असलेल्या स्मृतीत लिहिलेलं असतं, कायमच्या साठ्यात नाही. शब्दप्रमाणात सांगणारा आप्त हवा, विश्वासू हवा. इथे आप्त कोण, हे करारात लिहिलेलं असतं, आणि ते पान कुणी वाचत नाही.

याच्याशी जोडून एक तक्रार आपल्या वर्तमानपत्रांबद्दल. पुण्याला १९८८ मध्ये सी-डॅक निघालं, १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. आपण अजून त्या बातमीचा अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच. पण त्यातली चिप आपली नव्हती. ती इनमॉस या ब्रिटिश कंपनीची ट्रान्सप्युटर होती, प्रत्येकीला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. आपल्या लोकांचं मोठं कर्तृत्व होतं ते अशा चिपा जोडून त्यांच्याकडून एक काम करून घेण्यात. पुढे सी-डॅकनं परमनेट नावाची स्वतःची जोडणी बनवली. २००३च्या परम पद्ममध्ये तिची दुसरी पिढी होती, २००८च्या परम युवात तिसरी. मराठी बातम्यांत मात्र 'सेकंदाला किती गणितं' एवढंच छापून आलं. जोडणीबद्दल ओळ नाही. २०२०च्या परम सिद्धीत इन्फिनीबँड आहे, मेलानॉक्सचं. त्याच वर्षी एनव्हिडियानं मेलानॉक्स विकत घेण्याचा सुमारे सात अब्ज डॉलरचा व्यवहार पूर्ण केला. चिप विकणाऱ्यानं एवढा पैसा तारा आणि स्विचांसाठी का मोजला, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणाला पडला नाही. आता सी-डॅकचं 'त्रिनेत्र' नावाच्या जोडणीवर काम चालू आहे. त्याची बातमी आली तर त्यात गणितांच्या आकड्याखाली जोडणीबद्दल दोन ओळी असाव्यात, एवढी माझी मागणी आहे.

वेळ झाली आहे. समोरून एक चिठ्ठी आली आहे ती घेतो. "वजनकाट्याची नोंद इथे ठेवावी की क्लाउडवर?" आधी इथे, स्वतःच्या डिस्कवर, आणि ट्रक फाटकाबाहेर जाण्यापूर्वी. मग तिकडे. दोन्हीकडे नोंदीची वेळ लिहून ठेवा, म्हणजे मागाहून पाठवलेलं किती मागे पडतं ते महिन्याभरात तुमचं तुम्हालाच दिसेल. आणि कागदाची पावती काढता ना? ती चालू ठेवा. पुढची चिठ्ठी द्या.