सव्वा डॉलरचा गहू

लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘द लाँग विंटर’ या कादंबरीचा विषय निघाला, की बोलणं हटकून बर्फावर जातं. महिनोन्‌महिने घोंघावणारी वादळं, कॉफीच्या चक्कीत दळलेला गहू, कोळसा संपल्यावर गवत पिळून केलेलं जळण. 1940 साली मुलांसाठी म्हणून प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातलं ते वर्णन थोर आहेच. मला मात्र या कादंबरीचा प्राण एका वाण्याच्या दुकानात सापडतो. शेवटाकडे जेमतेम काही पानांचा एक प्रसंग येतो. भुकेलं गाव दुकानात जमलं आहे, दुकानदाराकडे गहू आहे आणि भाव ठरायचा आहे. एवढ्याशा ऐवजातून लेखिकेने एका नव्या गावाची सगळी नीती उलगडून दाखवली आहे.

गावाचं नाव डी स्मेट. आज ते साउथ डाकोटा राज्यात आहे, पण 1880-81 च्या त्या हिवाळ्यात राज्य व्हायचंच होतं. तो नुसता डाकोटा टेरिटरी म्हणवला जाणारा मुलूख होता. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकरांचा तुकडा नोंदवायचा, तिथे पाच वर्षं राहून जमीन कसायची, मग ती आपली, या आशेने माणसं येत होती. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा रूळ पुढे सरकला, मोजणीदारांनी माळावर खुंट्या ठोकल्या आणि गाव उभं राहिलं. मुख्य रस्त्यावर दुकानं आली, समोरून उंच चौकोनी फळ्यांची भिंत आणि मागे बैठं छप्पर. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दुमजली भारदस्त पेढी वाटावी, असा त्या दर्शनी भिंतीचा हेतू. हार्थॉर्न आणि लॉफ्टस यांची किराण्याची दुकानं, फुलर यांचं लोखंडी सामानाचं, ब्रॅडली यांचं औषधांचं, वाइल्डर भावांचं जनावरांच्या खाद्याचं. लॉराचे वडील, म्हणजे पा, यांनीही विकायच्या इराद्याने इथे एक इमारत बांधली होती. थंडी वाढल्यावर कुटुंब माळावरच्या झोपडीतून त्याच इमारतीत राहायला आलं.

या गावाला पार नव्हता; फुलर यांच्या दुकानातला स्टोव्ह हाच गावाचा पार. बायका-मुलं घरात कोंडलेली, पुरुष दोन वादळांच्या मधल्या उघडिपीत तिथे जमत. गाडी कुठे अडकली, कुणाकडे काय उरलं, हे सगळं तिथे कळे. अशा गावातला दुकानदार नुसता विक्रेता राहू शकत नाही. उधारी कुणाला द्यायची, पीक बुडालं तर कुणाला सांभाळून घ्यायचं, हे रोज ठरवताना तो शेजारीही असतो. या दुहेरी नात्याचा ताण वाइल्डर यांना नेमका ठाऊक आहे, कारण त्यांच्या पुस्तकांमधून हे नातं लॉराच्या वयाबरोबर वाढत आलेलं आहे.

त्यांच्या पहिल्या पुस्तकात, 1932 च्या ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’मध्ये, लहानगी लॉरा विस्कॉन्सिनमधल्या पेपिन गावचं दुकान पहिल्यांदा पाहते. कापडाचे रंगीत तागे, खिळ्यांची पिंपं, साखर, नांगर, बुटांच्या जोड्या. सगळं जग एका खोलीत. पा कातडी देऊन सामान घेतात. आईला स्वतःच्या एप्रनसाठी कापड घ्यायचा संकोच वाटतो, तेव्हा तू निवडलं नाहीस तर मी तो भडक लाल कपडा घेईन, असा दम पा भरतात. दुकानदार मोठ्या बहिणीच्या, मेरीच्या, सोनेरी केसांचं कौतुक करतो आणि लॉराच्या तपकिरी केसांबद्दल अवाक्षर काढत नाही. जगात माणसांचीही तोलून-मापून किंमत होते, हे ती इथे न कळत्या वयात शिकते.

पुढे ‘ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक’मध्ये ओल्सन यांचं दुकान येतं. दोघी बहिणी शाळेसाठी पाटी घेतात आणि मग कळतं, की पेन्सिलीला आणखी एक पेनी लागेल. पेन्सिल घेऊन जा, वडील आले की देतील, असं ओल्सन चांगुलपणाने सुचवतात. मेरी नको म्हणते. शेजारी दुकानदाराची मुलं मूठ-मूठ गोळ्या खात उभी आहेत. शेवटी दोघी ठरवतात, की नाताळात मिळालेली मेरीची पेनी खर्चायची आणि त्यापुढे लॉराच्या पेनीतला अर्धा वाटा मेरीचा. केवढा हा चोख हिशेब! कर्ज नको, भीक नको, पण आपसात वाटून घ्यायला हरकत नाही. डी स्मेटमधल्या गव्हाच्या प्रसंगाचं बीज मला या अर्ध्या पेनीत दिसतं.

आता तो प्रसंग. जानेवारीनंतर गाड्या बंद आहेत. दोन्ही किराणा दुकानांतलं पीठ, साखर, रॉकेल संपलंय. गावाच्या दक्षिणेला कुठेतरी वीसेक मैलांवर कुणा शेतकऱ्याने गहू पिकवून ठेवला आहे, अशी नुसती वावडी उठते. लॉफ्टस खरेदीसाठी पैसे देतो. आलमान्झो वाइल्डर आणि कॅप गारलंड ही दोन पोरं जिवावर उदार होऊन स्लेज घेऊन निघतात, त्या शेतकऱ्याला शोधतात, आणि बियाण्यासाठी राखलेला गहू विकायला तो तयारच नसताना त्याला बुशेलला सव्वा डॉलर देऊन राजी करतात. वादळ अंगावर येण्याच्या आत ती गावी पोचतात. मग लॉफ्टस भाव लावतो: बुशेलला तीन डॉलर.

लोक खवळतात. दुकानात गर्दी होते, आणि इथून वाइल्डर यांचं कसब पाहण्यासारखं आहे. पा हे जमावाच्या वतीने बोलतात, पण पहिलं वाक्य ते लॉफ्टसच्या बाजूचं बोलतात. माल तुझा, भाव तुझा, तुला पूर्ण हक्क आहे, हे ते मान्य करतात. ओरडायला तयार असलेली माणसं क्षणभर बुचकळ्यात पडतात. मग त्याच हक्काची दुसरी बाजू ते शांतपणे पुढे ठेवतात. तू स्वतंत्र, तसे आम्हीही स्वतंत्र. हिवाळा संपेल, उन्हाळा येईल, तेव्हा कुणाच्या दुकानात जायचं हे आम्ही ठरवू. धमकी देतोस का, असं लॉफ्टस विचारतो. पांच्या मते ती धमकी नाही, साधी वस्तुस्थिती आहे. लोकांच्या सदिच्छेवर धंदा चालतो, एवढंच ते सांगतात. संवादात एकही चढा शब्द नाही, तरी पकड वाक्यागणिक घट्ट होत जाते.

त्याहून मला मोलाचं वाटतं ते दुकानदारांचं बोलणं. फुलर स्वतः व्यापारी आहेत, हार्थॉर्न तर लॉफ्टसचे थेट प्रतिस्पर्धी. दोघेही लॉफ्टसलाच समजावतात. स्वस्तात घ्यावं, महागात विकावं, हाच धंदा, असं लॉफ्टसचं म्हणणं. माणसांशी नीट वागणं हाच धंदा, असं फुलर यांचं. व्यापारी विरुद्ध गाव अशी सोपी मांडणी इथे लेखिका टाळते. भांडण धंद्याच्या आतलंच आहे आणि ते धंदेवाल्यांच्या तोंडून यावं, याची तिने काळजी घेतली आहे.

मग लॉफ्टस एक चूक करतो. वाहतुकीचे पैसे मी द्यायला तयार होतो, तुम्हीच मागितले नाहीत, असं तो त्या दोन पोरांना म्हणतो. एरवी हसतमुख असलेला कॅप संतापतो. भुकेल्या लोकांकडून नफा उकळायला आम्ही गेलो नव्हतो, हे तो फाडकन ऐकवतो. आलमान्झोही बजावतो, की या खेपेचं मोल कुठल्याच पैशाने होणार नाही. लॉफ्टस एकेका चेहऱ्याकडे पाहतो. त्याला दिसतो तो तिरस्कार.

या जागी सजग वाचकाला एक गोष्ट आठवायला हवी. त्या गर्दीत उभ्या असलेल्या आलमान्झोकडे स्वतःचा गहू आहे. आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीत खोटी भिंत बांधून त्याने बियाण्याचा गहू दडवलेला आहे, आणि तो कुठल्याही भावाला विकायची त्याची तयारी नाही. पांना हे गुपित माहीत आहे. घरात दाणा नव्हता तेव्हा त्यांनीच येऊन त्या भिंतीतली खुंटी काढली होती आणि धारेखाली बादली धरली होती. म्हणजे लॉफ्टसला जाब विचारणाऱ्यांत एक धान्य दडवणारा आहे आणि दुसरा ते ठाऊक असूनही गप्प राहिलेला. वाइल्डर या प्रसंगात त्याचा उल्लेख करत नाहीत. वाचकाने तो स्वतः जोडायचा आहे, आणि जोडला की प्रसंगाचा पोत बदलतो.

आलमान्झो आणि लॉफ्टस यांच्यात मग फरक काय? माझ्या वाचनात फरक असा. आलमान्झो राखतो ते बियाणं, म्हणजे पुढच्या वर्षाचं पीक; आणि ते राखण्याची किंमत त्याने स्वतःच्या जिवाने मोजली आहे. गावाने आपली भिंत फोडू नये म्हणून, आणि गाव मरू नये म्हणूनही, तो वादळाच्या तोंडी गेला. त्याच्या धाडसात स्वार्थ आणि परोपकार असे एकमेकांत विणलेले आहेत, की धागा सुटा करता येत नाही. लॉफ्टसने फक्त गल्ल्यातले पैसे काढून दिले होते. गावाचा राग जोखीम न घेता मिळवायच्या नफ्यावर आहे. पा तर स्पष्ट म्हणतात, की या पोरांनी आणण्याचा रास्त मोबदला घेतला असता तर तुझ्या भावाला आमची हरकत नव्हती.

आणखी एक कारागिरी आहे. या मालिकेत आपण जवळजवळ सगळं जग लॉराच्या डोळ्यांनी पाहतो. या पुस्तकातल्या काही प्रकरणांत मात्र लेखिका लॉराला घरी ठेवते आणि आलमान्झोच्या नजरेतून लिहिते. पुरुषांनी भरलेल्या, चिडलेल्या दुकानात त्या काळची तेरा-चौदा वर्षांची मुलगी असणं शक्य नव्हतं. ती भिंतीपलीकडे गहू दळत होती, हात बधिर होईस्तोवर गवत पिळत होती. एका घरात भूक कशी दिसते हे लॉरा दाखवते. ती भूक बाजारात काय रूप घेते हे आलमान्झो. दोन डोळे लागतात तेव्हा कुठे गाव पूर्ण दिसतं.

याच पुस्तकातलं दुसरं एक दुकान मला अस्वस्थ करतं. हिवाळ्याच्या तोंडावर हार्थॉर्न यांच्याकडे एक वृद्ध मूलनिवासी येतो आणि सात महिने वादळं येणार असल्याचं सांगून जातो. पा त्याच्या शब्दावर कुटुंबाला गावात हलवतात. म्हणजे इंगल्स कुटुंबाचा जीव त्याच्या सल्ल्याने वाचतो. पण त्याला नाव नाही, त्याच्या तोंडी मोडकी इंग्रजी आहे, आणि सांगून झाल्यावर तो कथेतून नाहीसा होतो. ज्यांच्या भूमीवर हे 160 एकरांचे तुकडे आखले गेले त्यांच्यातला हा एकजण दुकानात येऊन जातो, पण गावाच्या हिशेबात धरला जात नाही. स्वातंत्र्य सर्वांना सारखं, हे पांचं तत्त्व जितकं सुंदर आहे, तितकीच त्याची वेस अरुंद आहे. या पुस्तकावर प्रेम करणाऱ्याने हेही पाहिलं पाहिजे.

पुन्हा लॉफ्टसच्या दुकानात. तो नमतो आणि मला पडला त्याच भावाने, सव्वा डॉलरने, घेऊन जा म्हणतो. पा लगेच सांगतात, की रास्त नफ्याला आमची ना नाही. लॉफ्टस मान हलवतो. खरेदी भावानेच देणार. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं आणि काय बोलावं ते कुणाला सुचत नाही. हरलेल्या माणसाला लेखिकेने ही एक चाल दिली, हा तिचा मोठेपणा. भाव उतरवायला गावाने भाग पाडलं. नफा सोडायचा निर्णय त्याचा स्वतःचा. पुढे लोक घरातली माणसं मोजून वाटणी करतात. ज्याच्याकडे थोडे बटाटे आहेत तो आपण होऊन गहू कमी घेतो. आलमान्झो काहीच घेत नाही. का, ते आपल्याला ठाऊक आहे.

पा दोन बुशेलचं पोतं घेतात. बुशेलभर गहू म्हणजे सत्तावीस किलोच्या आसपास, तेव्हा पोतं जवळपास 54 किलोंचं. एवढं ओझं सवयीचा शेतकरी सहज खांद्यावर टाकतो. पा टाकत नाहीत, हे आलमान्झो टिपतो. बरंच जड आहे, असं काहीसं म्हणून तो हात लावतो आणि पोतं चढवून देतो. रस्ता ओलांडून पोचवूनही दिलं असतं, पण आपल्याच्याने हे उचलत नाही हे कबूल करायला कुठल्याही पुरुषाला आवडणार नाही, हे जाणून तो थांबतो.

नुकतंच भावावरून केवढं बोलणं झालं. तेच बोलणारा माणूस उपासमारीने किती खंगला आहे, हे त्या बोलण्यात कुठे जाणवलं नव्हतं. ते पोत्यापाशी येऊन कळतं. हक्क, नफा, सदिच्छा या शब्दांचं खरं वजन वाइल्डर असं तोलून दाखवतात. आणि आलमान्झोच्या त्या थांबण्यात त्यांनी छोट्या गावातल्या शेजारधर्माची अवघड अर्धी बाजू सांगून टाकली आहे: हात द्यायचा, पण समोरच्याचा ताठ कणा मोडणार नाही इतकाच. मुलांच्या पुस्तकात हे इतक्या कमी शब्दांत येतं, म्हणून ते मोठ्यांनीही पुन्हा वाचावं.