माध्यमिक शाळांतील व्यवसाय-मार्गदर्शन आणि शेतकऱ्याचे मूल

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यास भावी व्यवसायाविषयी शास्त्रीय सल्ला मिळावा, ही मागणी आपल्याकडे नवी नाही. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली ती स्पष्टपणे मांडली. १९५४ साली दिल्लीस शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाचे केंद्रीय कार्यालय स्थापन झाले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मार्गदर्शनाचा प्रारंभ प्राथमिक शाळेपासूनच व्हावा असे सांगितले, व माध्यमिक शाळांकरिता निदान दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, अशी माफक अपेक्षा व्यक्त केली. पुढे २०१६ पासून काही वर्षे महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची सरसकट कल चाचणी घेतली. या सर्व प्रयत्नांविषयी सामान्यतः जी टीका ऐकू येते ती त्यांच्या अपुरेपणाची असते: समुपदेशक नाहीत, पैसा नाही, शिक्षकांस वेळ नाही. ही टीका खरी असली तरी ती वरवरची आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उद्या दहा शाळांमागे दहा समुपदेशक नेमले तरीही एक प्रश्न तसाच राहील, आणि तो म्हणजे हे शास्त्र ‘व्यवसाय’ कशास म्हणते, हा होय.

मुदलियार आयोगाने उच्च माध्यमिक अभ्यासक्रमाचे सात गट सुचविले होते: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक विषय, वाणिज्य, कृषी, ललितकला आणि गृहविज्ञान. त्रेसष्ट वर्षांनी आलेल्या कल चाचणीतही क्षेत्रे सातच होती: कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललितकला, आरोग्यविज्ञान, तांत्रिक क्षेत्र आणि गणवेशधारी सेवा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. पाच नावे जवळजवळ तशीच आहेत. विज्ञानाची जागा आरोग्यविज्ञानाने घेतली, आणि गृहविज्ञान जाऊन गणवेशधारी सेवा आल्या. दरम्यान अकरा वर्षांची शालान्त परीक्षा जाऊन दहावी आली, बहूद्देशीय शाळा निघाल्या व मावळल्या, गिरण्या उभ्या होत्या त्या पडल्या. परंतु यादीचा सांगाडा हलला नाही. याचे कारण उघड आहे. पहिली यादी व्यवसायांची नव्हतीच. ती अभ्यासक्रमांची होती. दुसरीने तिलाच व्यवसायाचे नाव दिले. त्यामुळे ‘कृषी’ या शब्दाचा अर्थ या यादीत शेती करणे असा होत नाही, तर कृषी महाविद्यालयात प्रवेश घेणे असा होतो. ज्या मुलाच्या उत्तरांतून कृषीकडे कल दिसला त्याने पदवी घ्यावी आणि पदवीनंतर बँकेत, बियाण्यांच्या कंपनीत अथवा शासनाच्या कृषी खात्यात जावे, हा त्या अहवालाचा स्वाभाविक शेवट आहे. त्याच्या बापाच्या चार एकरांचा त्यात कोठेही उल्लेख येत नाही.

या शास्त्राच्या उगमाकडे पाहिले म्हणजे ही उणीव कोठून आली ते कळते. बॉस्टन शहरात १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले, आणि त्यांच्या निधनानंतर १९०९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्वतःस ओळखणे, व्यवसायांची माहिती करून घेणे आणि या दोहोंचा विवेकाने मेळ घालणे, ही त्यांची त्रिसूत्री आजही पाठ्यपुस्तकांत शिकविली जाते. त्यांच्यापुढे येणारी तरुण मुले परदेशांतून अथवा खेड्यांतून त्या शहरात आलेल्या कुटुंबांतील होती. मागचे सुटलेले होते व पुढचे निवडावयाचे होते. अशा तरुणासाठी व्यवसाय ही बाहेर, शहरात कोठेतरी असलेली वस्तू असते. पार्सन्स यांची पद्धती त्या परिस्थितीस चोख उतरली, यात नवल नाही. परंतु ज्याचे मागचे सुटलेले नाही अशा मुलापुढे ती मांडली की तिची अडचण सुरू होते.

अशा मुलाचा विचार करण्यास नगर जिल्ह्यातील, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, पुणतांबा हे गाव विशेष उपयोगी आहे. गोदेकाठचे, चांगदेवांच्या समाधीचे हे गाव दौंड-मनमाड लोहमार्गावर आहे व तेथून शिर्डीचा फाटा निघतो. हा प्रदेश गोदावरी कालव्यांच्या लाभक्षेत्रातील असून उसाचा आहे. ज्या लोणी गावी १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना सुरू झाला ते याच राहाता तालुक्यात येते. रेल्वेने थोडे दक्षिणेस गेले की राहुरी लागते, जेथे १९६८ साली महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पाणी, कारखाना, रेल्वे व विद्यापीठ इतकी अनुकूलता महाराष्ट्रातील फार थोड्या खेड्यांच्या वाट्यास आली असेल. शेती हा सुशिक्षित तरुणाने समजून-उमजून पत्करावा असा व्यवसाय व्हावयाचा असता, तर तो येथे व्हावयास हवा होता.

याच गावातून १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध व भाजीपाला शहराकडे धाडावयाचा नाही, असा तो संप होता. त्याच्या राजकीय बाजूत शिरण्याचे येथे कारण नाही. ११ जून रोजी सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली व २४ जून रोजी ती जाहीर केली, एवढे सांगून पुढे जाऊ. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो ‘संप’ हा शब्द. शेतकऱ्यास मालक नाही, मग तो संप कोणाविरुद्ध करतो, अशी थट्टा त्या वेळी काहींनी केली. थट्टा करणाऱ्यांनी मागण्यांकडे नीट पाहिले नाही. कर्जमाफी होती, उत्पादनखर्चावर पन्नास टक्के अधिक भाव देण्याची स्वामीनाथन आयोगाची शिफारस होती, आणि त्यांच्यासोबत साठ वर्षांवरील शेतकऱ्यास निवृत्तिवेतन मिळावे अशीही मागणी होती. निवृत्तिवेतन हा शब्द शेतीच्या परंपरेतला नव्हे. म्हातारपणी शेतकऱ्याने पोराच्या हाती औत द्यावे व बांधावर बसावे, हेच त्याचे निवृत्तिवेतन असे. ते मागावे लागते याचा अर्थ, पोरगा औत हाती घेईल ही खात्री बापाला उरलेली नाही. आमची शेती हा नोकरीसारखा, ठरलेल्या मोबदल्याचा व ठरलेल्या वयाचा व्यवसाय मानावा, असे पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी एका शब्दात सांगितले. शेती व्यवसाय आहे की नाही या ज्या प्रश्नाला मार्गदर्शनाचे अहवाल बगल देत आले, तोच त्यांनी रस्त्यावर मांडला.

त्याच जून महिन्याच्या १३ तारखेस दहावीचा निकाल लागला. त्या गावातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची कल्पना करावी. बारा दिवस त्याने वडीलधाऱ्यांना संपाची भाषा बोलताना ऐकले आहे. तेराव्या दिवशी त्याच्या हाती गुणपत्रिका पडते. कल चाचणी तो परीक्षेपूर्वीच देऊन बसला आहे. तुला यंत्रे आवडतात की चित्रे, असे विचारण्याची व्यवस्था त्या चाचणीत होती. मात्र तुमच्या सातबाऱ्यावर नावे किती, कालव्याची पाळी कधी येते, सोसायटीचे देणे किती, हे तिने विचारले नाही, आणि या प्रश्नांची उत्तरे त्याच्या आवडीनिवडीपेक्षा त्याचे आयुष्य अधिक ठरविणार होती. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. हा आकडा व्यवसाय-मार्गदर्शनाच्या कोणत्याही पुस्तिकेत पहिल्या पानावर असावयास हवा. २००३ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील सुमारे चाळीस टक्के शेतकऱ्यांनी, पर्याय मिळाल्यास आपण शेती सोडू, असे सांगितले होते. म्हणजे शासनाने बापाची कल चाचणी घेतली होती. तिचे उत्तर मुलाच्या चाचणीपर्यंत मात्र पोचले नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. वडिलार्जित व्यवसायाचा विचार करावयास लावणे म्हणजे शेतकऱ्याच्या मुलास शेतीला व सुताराच्या मुलास रंध्याला पुन्हा जखडणे नव्हे काय? डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेची चिकित्सा करताना दाखवून दिले होते की, ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, व तीत माणसाच्या स्वाभाविक योग्यतेस स्थान नाही. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून निघालेल्या मूलोद्योगी शिक्षणावरही हाच संशय घेतला गेला होता. व्यवसाय-मार्गदर्शनाचा सर्वांत मोठा गुण असेल तर तो हाच, की ते जन्म पाहात नाही. हा गुण गमावून चालणार नाही. परंतु जन्म न पाहणे वेगळे आणि घरची स्थिती न पाहणे वेगळे. त्याच वर्गात, त्याच बाकावर ऊसतोडीला जाणाऱ्या भूमिहीन कुटुंबातील मूल बसलेले असते. ‘कृषी’ हा शब्द त्याला काय सांगतो? शेजारच्या बाकावरील मुलगी खुरपणी, कांदालागवड, दूध काढणे सारे करते, पण तिला कोणी शेतकरी म्हणत नाही. १९५३ च्या यादीने तिच्यासाठी गृहविज्ञान ठेवले होते, २०१६ च्या यादीने तेही काढून टाकले. आणि तिच्या घरी स्थळ पाहताना मुलाला नोकरी आहे का, हा प्रश्न शेतीपेक्षा आधी विचारला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून मोर्चा काढला, तेव्हा वर्तमानपत्रांनी तो गमतीचा विषय केला. व्यवसाय-मार्गदर्शन जेथे खऱ्या अर्थाने चालते त्या ठिकाणाचा, म्हणजे लग्नाच्या बैठकीचा, तो निकाल होता.

आपल्या साहित्याने हे फार पूर्वी ओळखले आहे, हे जाता जाता नोंदवितो. ‘कोसला’चा नायक शेतकऱ्याच्या घरून पुण्यास शिकावयास जातो व पदवीवाचून गावी परततो, ‘झोंबी’तील मुलाची शाळा बापाच्या शेतीला हातांची गरज असल्यामुळे पुन्हा पुन्हा तुटते. १९६३ व १९८७ सालची ही दोन पुस्तके अध्यापक महाविद्यालयांत मार्गदर्शनाच्या विषयास लावली तर निदान अर्धा अभ्यासक्रम भरून निघेल. पहिल्या पुस्तकात निवड करणाऱ्याची कोंडी आहे. दुसऱ्यात निवड करणारा मुळात एकटा नसतो, हे आहे. कल चाचणी संगणकापुढे एकट्याने द्यावयाची असे.

मग काय करावे? जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात खेड्यांतील शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे सुचविले होते, आणि ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांच्या शेतकामाच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत असेही म्हटले होते. त्यामागील दृष्टी मला मोलाची वाटते: शेती ही परीक्षा घेण्याजोगी विद्या आहे. नववीच्या विद्यार्थ्याने, शेतकऱ्याच्या असो वा मजुराच्या, आपल्या गावातील एका पिकाचा एका हंगामाचा हिशेब बी-बियाणे, पाणी, खत, मजुरी व बाजारातील पट्टी यांसह मांडावा. घरच्या माणसांचे न धरलेले श्रमही त्यात धरावेत. पुणतांब्यात तो कांद्याचा अथवा उसाचा होईल, कोकणात आंब्याचा. असा हिशेब मांडलेला मुलगा शेती सोडील तर कशासाठी सोडतो हे त्याला ठाऊक असेल, व राहील तर कोणत्या अटींवर राहतो हेही. कारखान्यातील चिटबॉयपासून शेतकी अधिकाऱ्यापर्यंतची, दूध संकलनापासून शीतगृहापर्यंतची जी मधली कामे त्याच्या डोळ्यांपुढे चालतात, परंतु सातांपैकी एकाही कप्प्यात बसत नाहीत, ती त्याला या हिशेबातच भेटतील.

यास यंत्र लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. लागतो तो असा शिक्षक, ज्याला गावची शेती कळते. आणि अडचण येथेच आहे. आपल्या ग्रामीण माध्यमिक शाळांतील पुष्कळसे शिक्षक स्वतः शेतकऱ्यांची मुले आहेत; त्यांनी डी.एड., बी.एड. केले ते बांधापासून दूर जाण्यासाठी, आणि तसे करताना त्यांना कोणीही मार्गदर्शन केलेले नव्हते. वर्गातील हुशार मुलाला ते जेव्हा ‘शिक, नाहीतर ढोरं राखावी लागतील’ असे सांगतात, तेव्हा ते आपला स्वतःचा अहवाल वाचून दाखवीत असतात.