‘गुडघा’ आणि ‘सुफ्रागो’ : पशूंच्या अवयवनामांचा कोशगत विचार

लॅटिन ‘जेनू’, ग्रीक ‘गोनू’ आणि संस्कृत ‘जानु’ यांचे सगोत्रत्व तुलनात्मक भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. तथापि शब्दांचे मूळ एक असणे निराळे आणि त्यांनी दर्शविलेला अवयव एक असणे निराळे. लॅटिन ‘कोक्सा’ म्हणजे खुबा. त्याचा सगोत्र संस्कृत ‘कक्ष’ व त्यापासून आलेली मराठी ‘काख’ मात्र दंडाच्या मुळाशी जाऊन बसली. लॅटिन ‘पेर्ना’ म्हणजे पशूची, विशेषतः डुकराची मांडी. संस्कृत ‘पार्ष्णि’ म्हणजे टाच. व्युत्पत्तीवरून अर्थ ठरविण्याची सवय या क्षेत्रात किती फसवी ठरते, हे यावरून दिसून येईल.

माणसाच्या गुडघ्याला ‘जेनू’, त्यामागील खोलगट भागाला ‘पोप्लेस’ आणि चतुष्पादांच्या मागच्या पायाच्या सांध्याला ‘सुफ्रागो’, असा भेद लॅटिन करते. इ. स. पहिल्या शतकातील कृषिग्रंथकार कोलुमेल्ला हा त्या सांध्याने अधू झालेल्या जनावरासाठी ‘सुफ्रागिनोसुस’ असे विशेषण योजतो. हा नेमकेपणा शास्त्राने दिलेला नसून गोठ्याने दिलेला आहे. किंबहुना शास्त्राच्या हाती पडल्यावरच तो ढळला : अर्वाचीन पशुवैद्यकात ‘ओस सुफ्रागिनिस’ हे नाव घोड्याच्या पायातील खुरावरच्या एका हाडाला मिळाले, आणि तेही पुढच्या व मागच्या अशा दोन्ही पायांत.

मराठीची स्थिती पाहावी. हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरसारख्या गावी बैल बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, असेच म्हटले जाईल. शारीरदृष्ट्या तो सांधा माणसाच्या मनगटाच्या जागचा आहे. बैलाचा खरा गुडघा मागच्या पायात, पोटालगत कातडीआड असतो. मागे कोन करून उठून दिसणारा सांधा हा घोट्याच्या जागचा होय. बोलीचा यात दोष नाही. ती दृश्य आकाराला नाव देते. दोष आहे तो ‘मांडी व नडगी यांमधील सांधा’ एवढीच व्याख्या देऊन थांबणाऱ्या कोशाचा. परभणीच्या महाविद्यालयात शिकलेल्या पशुवैद्यास ‘मागचा गुडघा सुजला’ असा निरोप गेला, तर त्याने कोणता सांधा समजावा?

याउलट ‘फरा’ हा शब्द घ्यावा. खांद्याच्या वा मांडीच्या मांसल भागास सूज आणणाऱ्या, दाबल्यास करकर वाजणाऱ्या रोगास शेतकरी ‘फऱ्या’ म्हणतो आणि पशुवैद्यही तेच नाव वापरतो. शब्द पशूच्या देहाशीच बांधलेला राहिल्याने येथे घोटाळा होत नाही.

‘जानु’वरून नवी संज्ञा घडवावी, असे यावर कोणी सुचवील. परंतु तिने जुना अर्थ पुसला जाणार नाही. दोन अर्थांत तिसऱ्याची भर मात्र पडेल. त्यापेक्षा अवयव माणसाचा की पशूचा, पाय पुढचा की मागचा आणि सांधा कोणत्या दिशेस वळतो, या तीन गोष्टी प्रत्येक नोंदीत नमूद व्हाव्यात. कोशकाराने बोलीला सुधारण्याचे कारण नाही. तिचे म्हणणे पुरतेपणी टिपणे हेच त्याचे काम आहे.