आधी ती व्हायोलिनं थांबवा

१२ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी चित्रपट एकदम लागले आणि पुढच्याच शुक्रवारी ‘साबर बोंडं’ आला. त्यावर चर्चा झाली ती ठरलेलीच: एकमेकांच्या पायात पाय कशाला, पडदे किती मिळाले, प्राइम टाइम कुणाला. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं, तेव्हापासून हे गाऱ्हाणं सगळ्यांना तोंडपाठ आहे. हे चित्रपट लागोपाठ पाहिले की खटकतं ते मात्र वेगळंच. मराठी दिग्दर्शकाला आपल्या चित्रावर भरवसा नाही. पात्राच्या चेहऱ्यावर जे दिसतंच आहे ते तो संवादातून बोलून घेतो आणि तरीही कुणाच्या लक्षात आलं नसेल तर असावं म्हणून मागे व्हायोलिनं लावतो. ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ यांच्याबद्दल एवढं पुरे. ‘दशावतार’ची हळहळ जास्त वाटते. दृष्टी अधू झालेला म्हातारा दशावतारी, त्याचा रंगवलेला चेहरा, कोकणातलं रान आणि दिलीप प्रभावळकरांचं नुसतं बसणं-उठणं एवढ्यावर पूर्वार्ध उभा राहतो. मग खाणीचा प्रश्न येतो, आणि जे रान आपण डोळ्यांनी पाहिलं ते वाचवायला हवं हे आपल्याला ऐकवलं जातं.

‘साबर बोंडं’मध्ये पार्श्वसंगीत नाहीच. वडील गेल्यावर मुंबईहून गावी आलेला आनंद, दहा दिवसांचं सुतक, लग्नाचं कधी म्हणून टोचणारे नातेवाईक आणि शेतात राबणारा बाल्या. रोहन परशुराम कानवडे कॅमेरा ठेवतात आणि थांबतात. मुलगा लग्न का करत नाही यावर आईने भावकीसाठी एक सोयीचं खोटं रचून ठेवलंय. ते ती ज्या सहजतेने सांगते त्यात तिला सगळं ठाऊक आहे, नवऱ्यालाही ठाऊक होतं, हे आपसूक कळतं. इथे सूर वाजले असते तर आई ‘थोर’ झाली असती. ते वाजत नाहीत, म्हणून ती धोरणी, थकलेली आणि खरी राहते. सनडान्सचं पारितोषिक मिळालं म्हणून हा चित्रपट मोठा नाही. दोन माणसं गप्प बसली असताना त्यांच्यात काय चाललंय हे शोधायचं काम तो प्रेक्षकावर सोपवतो म्हणून मोठा आहे. जयंत सोमलकरांचं ‘स्थळ’ हेच वेगळ्या वाटेने करतं. पाहुणे येतात, पोरगी समोर बसते, नाव, उंची, आवड विचारली जाते, नकार येतो. पुन्हा पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. पहिल्या खेपेला हसू येतं, पुढे तेच हसू गिळावं लागतं. प्रसंग तोच असतो, बदलतो तो पाहणारा, आणि तो बदल भाषणाने होत नाही. कापसाच्या भावाचा आणि हुंड्याचा संबंध वऱ्हाडीत चाललेल्या साध्या बोलण्यातून ध्यानात येतो. या वाटेवर ‘कोर्ट’ आधीच उभा आहे: न्यायालयाच्या खोलीतले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो, आणि चैतन्य ताम्हाणे आपल्याला त्या अंधारात बसवून ठेवतात.

यावर ठरलेलं उत्तर असं, की आपली परंपरा कीर्तनाची, नाटकाची. मराठी माणसाला शब्द लागतात. लागू देत. पण तेंडुलकरांनी अर्धवट तुटलेल्या वाक्यांवर अख्खी नाटकं उभी केली आणि एलकुंचवारांच्या वाड्यात जे बोललं जात नाही त्याचंच ओझं जास्त आहे. नाटकाकडून घ्यायचंच तर हे घ्या. टाळीचं वाक्य तेवढं उचलू नका. ‘फर्जंद’पासून निघालेल्या इतिहासपटांनी नेमकं तेच उचललं: तलवार उपसण्याआधी प्रत्येक मावळा घोषवाक्य बोलतो, आणि गड जिंकला काय किंवा गमावला काय, ढोल सारखाच वाजतो. मैत्रिणींच्या सहलीचे चित्रपट आणि आठवणींच्या सुट्टीचे चित्रपट यांना वेगळा परिच्छेद द्यायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: असले संथ सिनेमे महोत्सवांत चालतात, गावातल्या टॉकीजमध्ये नाही. संथपणाचाही साचा होतो हे कबूल. रिकाम्या अंगणावर तीन मिनिटं कॅमेरा ठेवला म्हणजे कुणी कानवडे होत नाही. पण गावातल्या टॉकीजचा हवाला देणाऱ्यांनी ‘सैराट’चा शेवट आठवावा. ज्या चित्रपटाचं संगीत थेट हॉलिवूडला वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित झालं, तोच चित्रपट शेवटी संपूर्ण मुका होतो. लहानग्याची रक्ताळलेली पावलं आणि आवाज शून्य. ‘झिंगाट’वर खुर्च्यांसमोर नाचणारी पोरं त्याच खुर्च्यांत गोठली, आणि मराठीत त्यावेळी सर्वाधिक कमावलेला चित्रपट तोच होता. तेव्हा प्रेक्षकाला शांतता पेलत नाही हे खरं नाही. शांतता निर्मात्याला पेलत नाही, कारण ती असते तेव्हा प्रसंग आतून पोकळ असेल तर लगेच उघडा पडतो. संगीतकार अजय-अतुलना गप्प करायची दिग्दर्शक नागराज मंजुळेंना हिंमत झाली, कारण शेवटच्या प्रसंगातल्या दाराआड काय ठेवलंय याची त्यांना खात्री होती. बाकीच्यांनी बजेट नाही म्हणून सांगू नये. नको तिथे न वाजवायला पैसे लागत नाहीत, उलट वादकांचं एक सत्र वाचतं. तो पैसा पटकथेच्या आणखी एका खर्ड्याला द्यावा.