नाम म्हणजे नाव नव्हे : इंग्रजीच्या पहिल्या धड्याविषयी

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला इंग्रजीतल्या ‘नाउन’चं काय पडलंय? ते पाचवी-सहावीच्या मास्तरांचं काम. पण आमचा अनुभव असा, की पोराचा इंग्रजीवरचा आणि पुष्कळदा स्वतःवरचा विश्वास जिथे पहिल्यांदा उडतो, ती जागा हाच धडा आहे. म्हणून आज आपण या एका धड्याची परीक्षा घेऊ. पोरांची नाही, धड्याची.

बाजारातली इंग्रजी व्याकरणाची कोणतीही पुस्तिका उघडा. पहिल्या पानावर व्याख्या असते : व्यक्ती, वस्तू किंवा ठिकाण यांचं नाव म्हणजे नाउन. मग पाच प्रकार : प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, अ‍ॅबस्ट्रॅक्ट. मग लिंग, मग वचन, आणि शेवटी एक यादी, जिच्यावर लिहिलेलं असतं ‘अपवाद, पाठ करा’. आपण सगळे याच वाटेनं आलो. आता या वाटेवर थोडं थांबून बघू.

आधी व्याख्या. ‘नाउन’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘नोमेन’वरून आला, आणि ‘नोमेन’चा अर्थ नाव. आपल्याकडे ‘नाम’, त्याचाही अर्थ नाव. म्हणजे ‘नाम म्हणजे नाव’ असं सांगून आपण पोराच्या हातात काय दिलं? तोच शब्द परत दिला. बरं, व्यक्ती-वस्तू-ठिकाण म्हणावं तर ‘भांडण’ यातलं काय आहे? व्यक्ती नाही, वस्तू नाही, ठिकाणही नाही. ते तर चक्क क्रिया आहे! तरी ‘भांडण’ नाम आणि ‘भांडतो’ क्रियापद. इंग्रजीत तर एकच ‘वॉक’ : ‘आय वॉक’मध्ये क्रियापद, आणि ‘आय वेंट फॉर अ वॉक’मध्ये नाम. शब्द तोच, अर्थही जवळजवळ तोच, वाक्यातलं काम बदललं.

हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हतं असं समजू नका. यास्काने ‘निरुक्ता’च्या सुरुवातीलाच नाम आणि आख्यात, म्हणजे क्रियापद, यांत भेद केला तो असा : क्रिया घडत असताना तिच्याकडे पाहिलं की आख्यात, आणि तीच क्रिया आरंभापासून शेवटापर्यंत एकत्र बांधून, जणू वस्तू झाली आहे अशी पाहिली की नाम. आपल्या भाषेत सांगायचं तर चुलीवर ‘शिजतंय’ तोवर क्रियापद, ‘स्वयंपाक झाला’ म्हटलं की नाम. पाणिनी आणखी पुढे गेला. त्याने पद ओळखायला अर्थ विचारलाच नाही, शब्दाला कोणता प्रत्यय लागतो ते पाहिलं. ही परंपरा घरात असताना आपण पोराला ‘नाव म्हणजे नाम’ सांगून मोकळे होतो.

मग पोराला काय सांगावं? सोपं आहे. या शब्दाच्या आधी ‘द’ बसतो का? शेवटी ‘एस’ लागून एकाचे अनेक होतात का? वाक्यात कर्त्याच्या जागी बसतो का? या तीन खुणा. प्रत्येक नामाला तिन्ही लागू पडतील असं नाही, पण पोरगं स्वतः तपासून तर बघेल. तपासणं आलं की पाठांतर निम्मं होतं.

आता वचन. इथे आमची एक जुनी जखम आहे, ती सांगतो. शाळेत आम्ही एकदा ‘माय फादर्स हेअर्स आर व्हाइट’ असं लिहिलं होतं. छडी मिळाली. ‘हेअर अनकाउंटेबल आहे, गाढवा’, एवढंच उत्तर मिळालं. आम्ही पाठ केलं. पुढे पुष्कळ वर्षांनी इंग्रजी पुस्तकं वाचताना लक्षात आलं, की जेवणात केस निघाला तर इंग्रजही ‘अ हेअर’च म्हणतो. एक केस, दोन केस, मोजतो. डोक्यावर असले की मोजत नाही, ताटात आला की मोजतो! म्हणजे मोजणं हे केसात नव्हतंच, बघणाऱ्याच्या बोलण्यात होतं. आणि आम्ही ‘हेअर्स आर’ का लिहिलं? कारण आपण मराठीत ‘केस पांढरे झाले’ म्हणतो, अनेकवचनात. आमची चूक अज्ञानातून आली नव्हती. आम्हाला एक व्याकरण पक्कं येत होतं, ते आम्ही इमानानं लावलं होतं. हे त्या दिवशी कोणी सांगितलं असतं, तर छडीचंही काही वाटलं नसतं.

अशा चुका मोजून बघा. ‘पैसे मिळाले’ म्हणणारं पोरगं ‘मनीज’ लिहितं. ‘बातम्या लागल्या’ म्हणणारं ‘न्यूज आर’ लिहितं, त्यात त्या ‘न्यूज’ला शेवटी ‘एस’ही दिसतो, मग तर त्याचं काहीच चुकत नाही! आणि तांदूळ घ्या. सुपात असताना आपण म्हणतो ‘तांदूळ निवडले’, अनेकवचन. शिजवून ताटात आले की ‘भात वाढला’, एकवचन. तेच दाणे, पण सुटे असताना अनेक आणि शिजल्यावर एक. इंग्रजी दोन्ही वेळेला ‘राइस’ म्हणून मोकळी. आणि इंग्रजीच शहाणी आहे असंही नाही : गव्हाला ती ‘व्हीट’ म्हणते, एकवचन, आणि दुसऱ्या एका धान्याला ‘ओट्स’, अनेकवचन. दाण्याच्या आकारात याचं कारण शोधायला गेलात तर सापडणार नाही. क्वाइन नावाचे अमेरिकन तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांनी १९६० सालच्या ‘वर्ड अँड ऑब्जेक्ट’ या ग्रंथात याच प्रश्नाचा काथ्याकूट केला आहे : मूल ‘पाणी’ शिकतं आणि ‘सफरचंद’ शिकतं, यांतला फरक जगातला किती आणि भाषेतला किती? जो प्रश्न तत्त्वज्ञांना पुरून उरतो, तो आपण सहावीच्या पोराला ‘अपवाद’ म्हणून एका चौकटीत देतो.

पण मारेगावच्या पोराला मोजणं आणि मापणं यांतला भेद समजत नाही, असं आम्हाला कोणी सांगू नये. पऱ्हाटीला बोंडं किती लागली, हे तो मोजतो. कापूस मात्र कोणी मोजत नाही, तो काट्यावर जातो, किलोनं आणि क्विंटलनं. वेचणीची मजुरीही किलोवर मिळते. बोंड काउंटेबल, कापूस अनकाउंटेबल. झाला धडा! ‘लगेज’ शिकवायचंय? ‘सामान’ घ्या. आपण ‘पाच सामान’ म्हणतो का? नाही, ‘पाच नग’ म्हणतो. इंग्रजीतलं ‘पीसेस ऑफ लगेज’ म्हणजे तेच नग. ‘फर्निचर’ला ‘एस’ का लावायचा नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. ‘शीप’चं अनेकवचन ‘शीप’च राहतं म्हणून पोरं हसतात. त्यांना म्हणा, ‘एक दगड, चार दगड. एक साप, चार साप.’ पुस्तकातला अपवाद हा आपल्याकडे नियम आहे.

तिसरी गोष्ट लिंग. ‘लिंग बदला’ : फॉक्स–व्हिक्सन, मंक–नन, बॅचलर–स्पिन्स्टर. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय. आम्ही विचारतो, कशासाठी? मराठीत लिंग बदललं की विशेषण बदलतं, क्रियापद बदलतं : चांगला मुलगा आला, चांगली मुलगी आली, चांगलं पोर आलं. इंग्रजीत ‘गुड बॉय केम, गुड गर्ल केम’, काहीही हलत नाही. फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’ निवडताना लिंग लागतं. म्हणजे या बाबतीत इंग्रजी नाम मराठीपेक्षा कितीतरी सोपं. आपलं पोरगं पाच वर्षांचं व्हायच्या आत तीन लिंगं सांभाळतं, ‘घोडा’चं ‘घोड्याला’ करतं, आणि ‘ती बस, तो ट्रक, ते टेबल’ असं परक्या शब्दांनाही लिंग देऊन टाकतं. त्याला कोणी शिकवलं? कोणी नाही. एवढं अवघड यंत्र चालवणाऱ्याला आपण सायकल दाखवतो आणि म्हणतो, तुला जमणार नाही.

आणि या तालुक्यात सगळ्यांच्या घरची भाषा मराठीच आहे असंही नाही. कोलामांच्या पोडावर कोलामी बोलतात. एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यावर १९५५ साली आख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोलामी द्रविड कुळातली. तिच्यात नामांची वाटणी अशी, की माणसांतले पुरुष एका बाजूला, आणि बाई, गाय, झाड, दगड सगळे दुसऱ्या बाजूला. त्या घरातलं लेकरू शाळेत मराठीची तीन लिंगं शिकतं आणि मग इंग्रजीत ‘शी’ आणि ‘इट’ यांच्यातली सीमा शिकतं. नामांची वाटणी करण्याच्या तीन तऱ्हा ते लेकरू एका डोक्यात वागवतं. ‘शी’च्या जागी ‘इट’ लिहिलं तर आपण लाल रेघ मारतो. रेघ मारा, बिनधास्त मारा, पण ती कुठून आली हेही समजून घ्या.

मग हा धडा असा का झाला? याचं कारण जुनं आहे. इंग्रजी व्याकरणच मुळात लॅटिनच्या साच्यात घातलेलं. त्या साच्यात लिंग आहे, विभक्ती आहे, म्हणून इंग्रजीतही ती शोधली गेली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं, मोठं काम केलं, पण इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यासमोर होताच. मो. के. दामल्यांनी १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मराठीकडे तिच्या स्वतःच्या नजरेनं बघण्याची खटपट केली. इंग्रजी शिकवण्यात मात्र आपण साचाच धरून बसलो.

याला एक अपवाद मराठी माणसाच्या घरात होता. दुसरे तर्खडकर, द्वारकानाथ राघोबा, त्यांची ‘भाषांतर पाठमाला’. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी ती पाहिली असेल. तिची रीत साधी : थोडा नियम, आणि लगेच वाक्यं, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत. दोन भाषा शेजारी शेजारी बसवल्या. नाम वाक्याबाहेर सुटं ठेवलं नाही. तिच्यात दोष आहेत. तिची मराठी पुस्तकी आहे, वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला ती मराठीही परकीच वाटावी. पण तिचा पाया आम्हाला आजही खरा वाटतो : शिकणाऱ्याला एक भाषा येते, हे ती धरून चालते. आजची पुस्तिका त्याला काहीच येत नाही असं धरून चालते.

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आधी पाचवीत येणारी ही भीती आता सहाव्या वर्षीच दारात उभी राहते. मास्तर म्हणतील, परीक्षेत तसंच विचारतात, आणि एका वर्गावर दोन वर्ग सांभाळायचे असतात. खरं आहे. काही गोष्टी पाठ कराव्याच लागतात, हेही आम्ही मानतो. ‘चाइल्ड’चं ‘चिल्ड्रन’ होतं, याला तत्त्वज्ञान कामाचं नाही, घोकावंच लागेल. आमची तक्रार पाठांतराबद्दल नाही. ज्याला कारण आहे तेही कारण न सांगता पाठ करायला लावतो, तिथे आहे. असं शिकलेलं पोरगं पुढे सगळ्याच गोष्टी हुकूम म्हणून घेतं. त्याला वाटतं की समजून घेणं हे आपलं काम नव्हे. आणि इंग्रजीत नापास झालं की ते ‘मला इंग्रजी येत नाही’ एवढंच म्हणत नाही, ‘मला डोकं नाही’ म्हणतं. हे दुसरं वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं आपण या पहिल्या धड्यात शिकवतो.

इथे बसलेल्या शिक्षकांना एकच विनंती. उद्या वर्गात ‘काउंटेबल-अनकाउंटेबल’ आलं, तर फळ्यावर आधी ‘बोंड’ आणि ‘कापूस’ लिहा, आणि कोणता शब्द मोजतात ते पोरांना विचारा. एखाद्यानं ‘हेअर्स’ लिहिलं, तर दुरुस्त करा, पण आधी त्याला विचारा : ‘तू हे का लिहिलंस?’ त्याला बहुधा उत्तर येत असेल. ते ऐकून घ्या.