‘डोपिंग’ या शब्दाआड : बोरॉन-नायट्रोजनयुक्त बहुचक्रीय अ‍ॅरोमॅटिक रेणूंविषयी काही आक्षेप

बोरॉनचे ५ व नायट्रोजनचे ७ मिळून १२ इलेक्ट्रॉन होतात. दोन कार्बन अणूंचेही तितकेच. या बेरजेवर एक संपूर्ण संशोधनक्षेत्र उभे आहे. मात्र बेरीज जुळली म्हणजे स्वभाव जुळतो असे नव्हे, याचा विसर या विषयावरील लेखनात वारंवार पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९२६ मध्ये आल्फ्रेड स्टॉक व एरिख पोलांड यांनी बोराझीन मिळविले. ‘असेंद्रिय बेंझीन’ हे त्याचे टोपणनाव पाठ्यपुस्तकांनी इतके रुजविले की विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत व्याख्येसारखे लिहितात. वस्तुतः बोराझीन हायड्रोजन क्लोराइडचे तीन रेणू सामावून घेते, पाण्याने विघटित होते. बेंझीन यांपैकी काहीच करीत नाही. इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे ओढले जातात, वलयभर सारखे पसरत नाहीत.

मायकेल ड्युअर व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये २-अमिनोबायफेनिलपासून फेनँथ्रीनचे बोरॉन-नायट्रोजन प्रतिरूप घडविले. शेजारच्या बेंझीन वलयांचा आधार नसलेले साधे १,२-अझाबोरीन शुद्ध स्वरूपात हाती यायला मात्र २००९ उजाडले. त्याची संस्पंदन ऊर्जा बेंझीनच्या सुमारे निम्मी भरते. संश्लेषणातील ही अर्धशतकाची अडचण आढावालेखांत बहुधा एका वाक्यात उरकली जाते.

खरा आक्षेप ‘डोपिंग’ या शब्दाला आहे. सिलिकॉनमध्ये अपद्रव्य विखुरलेले असते व त्याचे प्रमाण महत्त्वाचे. रेणूत मात्र प्रश्न स्थानाचा असतो. हाताकेयामा यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डॅब्ना’ रेणूंत बोरॉन व नायट्रोजन यांचा थेट बंध मुळीच नाही. ते एकाच वलयात समोरासमोर बसतात. परिणामी सर्वोच्च भरलेली व निम्नतम रिक्त कक्षके एकाआड एक अणूंवर विभागली जातात, एकक व त्रिक अवस्थांतील अंतर घटते आणि निळ्या प्रकाशाचा पट्टा अवघा २८ नॅनोमीटर रुंद राहतो. दुसऱ्या रेणूपासून केलेल्या दीपकाची बाह्य क्वांटम कार्यक्षमता २०.२ टक्के नोंदली गेली. (तेजस्विता वाढविताच ती घसरते, हे कौतुकाच्या भरात सांगायचे राहून जाते.)

बोराझीन-गर्भी, थेट बंधाचे व विलग अणूंचे असे हे तिन्ही रेणुवर्ग एकाच मथळ्याखाली, एकाच तक्त्यात ऊर्जा-अंतराच्या आकड्यांनिशी मांडले जातात. त्या तक्त्यात अंतर कमी का झाले याचा स्तंभ नसतो. उत्पादाच्या उताऱ्याचा व हवेतील स्थैर्याचा तर क्वचितच.